केसपेपरवर ‘एफ ३९’ लिहिले असेल तर

केसपेपरवरचा ‘एफ ३९’ हा संकेतांक पाहून तुम्ही धास्तावलात, हे मी समजू शकतो. अकरा वर्षांपूर्वी माझ्याही कागदावर तोच होता. आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात त्याचा अर्थ ‘अनिर्दिष्ट भावविकार’ एवढाच आहे, म्हणजे मनःस्थितीचा त्रास खरा आहे, पण तो नैराश्याचा की द्विध्रुवी (बायपोलर) विकाराचा, ज्यात कधी नैराश्य तर कधी उन्माद म्हणजे टोकाचा अतिउत्साह येतो, हे ठरवण्याइतकी माहिती अजून हाती नाही. घाईने शिक्का न मारणारा डॉक्टर मला तरी अधिक भरवशाचा वाटतो, कारण मूळ विकार द्विध्रुवी असताना नुसती नैराश्याची गोळी सुरू केली, तर काहींच्या बाबतीत उन्माद उसळू शकतो.

निदानाचे निकष बरेचसे कालावधीवर बेतलेले असतात: नैराश्यासाठी किमान २ आठवडे, सौम्य उन्मादासाठी सलग ४ दिवस. म्हणून आजपासून एका वहीत रोजच्या नोंदी सुरू करा. माझ्या वहीत ‘झोप ३ तास, तरी थकवा नाही, रात्री दोनला माळा आवरला’ अशा नोंदी ओळीने पाच दिवस सापडल्या आणि निदानाची दिशा त्या पानावरूनच बदलली. झोप, खर्च, चिडचिड, दारू आणि इतर औषधे, विशेषतः स्टिरॉइड, यांची नोंद ठेवा. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा. शक्यतो घरचे माणूस सोबत न्या, कारण मन चढते असताना आपले वागणे आपल्याला झकासच वाटते (माळासुद्धा मला फार सुंदर आवरल्यासारखा वाटला होता).

गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि जीव नकोसा वाटू लागला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा.