जिभेच्या साखळ्या, धनुष्याविना मदन

प्रश्न : सोळाव्या शतकातल्या एका युरोपीय मुद्राचित्रात सिंहाचं कातडं पांघरलेला म्हातारा आहे. त्याच्या जिभेतून निघालेल्या साखळ्या लोकांच्या कानांना जोडल्या आहेत. हे गुलाम आहेत का?

उत्तर : नाही. साखळ्या ताणलेल्या आहेत की सैल, एवढं आधी पाहा. हा ग्रीक-रोमन पुराणांतला बलवान वीर हर्क्युलिस आहे, वक्तृत्वाचं रूप म्हणून काढलेला. मूळ वर्णन दुसऱ्या शतकातल्या ल्युशिअन या ग्रीक लेखकाचं. गॉल (आजच्या फ्रान्सच्या भागातले प्राचीन) लोक ऑग्मिओस या देवाला हर्क्युलिस मानून असं रंगवत, असं तो सांगतो. साखळ्या सोन्याच्या आणि अंबरच्या (दागिन्यांत वापरतात त्या पिवळसर, घट्ट झालेल्या राळेच्या), अगदी नाजूक. लोक आनंदाने त्याच्यामागे येतात, इतके लगबगीने की साखळीला ताणच पडत नाही. एका हातात सोटा, दुसऱ्यात धनुष्य. साखळ्या धरायला हात मोकळा नाही, म्हणून चित्रकाराने त्या जिभेलाच अडकवल्या! कायदेपंडित आंद्रेआ अल्चातोने यावरून प्रतीकचित्र रचलं. ब्रीद असं, की वक्तृत्व बळाहून श्रेष्ठ. तो म्हातारा आहे हेच त्यातलं मर्म. तरुण, पिळदार हर्क्युलिस काढला असता तर लोक बळाला वश झाले असंच वाटलं असतं.

अशा चित्राचे तीन भाग असतात : वर ब्रीद, मध्ये चित्र, खाली पद्य. पुष्कळदा आपल्याला पानातून कापलेलं नुसतं चित्र मिळतं आणि घोटाळा तिथेच होतो. शक्य असेल तर पूर्ण पान शोधा.

प्रश्न : त्याच प्रकारच्या एका चित्रात मदनाच्या (रोमन प्रेमदेव क्युपिडच्या) हातांत फूल आणि मासा का?

उत्तर : हेही अल्चातोचंच. पद्यात स्पष्ट म्हटलंय, की याच्याजवळ मशाल नाही, धनुष्यही नाही. फूल म्हणजे जमीन, मासा म्हणजे समुद्र. दोन्हींवर प्रेमाची सत्ता. म्हणजे इथेही शस्त्राविना वश करणंच आहे, आणि म्हणून ही दोन चित्रं शेजारी ठेवून पाहावीत. मासा म्हणजे ख्रिस्ताचं चिन्ह, हा धार्मिक अर्थ मात्र इथे लावू नका.

पंखवाला मुलगा दिसला की मदन, हा नियम सगळीकडे चालत नाही. ओटो व्हान व्हेनच्या १६०८ च्या अँटवर्पमधल्या संग्रहात १२४ प्रेमचित्रं आहेत आणि तिथे तो खरोखर मदन आहे. त्याच चित्रकाराच्या १६१५ च्या संग्रहात मात्र तसाच पंखवाला मुलगा ईश्वरी प्रेम आहे आणि त्याच्यासोबतची आकृती म्हणजे मानवी आत्मा. मुलाच्या डोक्याभोवती प्रभावळ आहे का, ते तपासा.