इराणमधलं तफ्त हे शहर आहे की गाव? तिथली लोकसंख्या किती?

शहरच, पण छोटं. 2016 च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण 18 हजार. शीरकूह डोंगराच्या पायथ्याशी, यझ्दच्या नैऋत्येला. भाषा फारसी, काही जुन्या झरथुष्ट्री घरांत मात्र त्यांची वेगळी बोली टिकून आहे.

घोळ होतो तो दर्ज्यावरून. तफ्त हे यझ्द प्रांतातल्या ‘शहरेस्तान’चंही नाव आणि त्याच्या मुख्य ठिकाणाचंही. शहरेस्तान म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. त्याचा प्रमुख फरमानदार वरून नेमला जातो. शहराचा कारभार वेगळा, नगरपालिका बघते आणि तिची परिषद लोक निवडून देतात. म्हणून आकडा बघताना तो शहराचा की शहरेस्तानचा, हे आधी तपासा. दुसऱ्यात आसपासची गावंही धरतात. बाकी तफ्तची डाळिंबं प्रसिद्ध. आणि मुंबईतल्या कित्येक इराणी हॉटेलवाल्यांचं मूळ याच यझ्द भागातलं.