बाह्यकोन, गुण्या आणि गुडघा

प्रश्न असा आला आहे: ‘त्रिकोणाचा बाह्यकोन म्हणजेच प्रविशालकोन ना? मुलाच्या शिकवणीत तसं सांगितलं. शिवाय काटकोनातला काट कुठला, आणि षट्कोनाला षट्भुज म्हटलं तर चालेल का?’

पहिल्याचं उत्तर: नाही, नाही आणि नाही. हा घोटाळा हल्ली इतक्यांदा कानावर येतो की वैताग येतो. ‘बाह्य’ म्हणजे बाहेरचा, म्हणून आतला कोन सोडून बाहेर उरेल तो सगळा बाह्यकोन, असं लोक बिनदिक्कत ठरवून टाकतात. समभुज त्रिकोणाचा आतला कोन ६० अंशांचा, म्हणून बाह्यकोन म्हणे ३००! अहो, बाह्यकोन मिळवायचा तर एक बाजू शिरोबिंदूच्या पुढे वाढवावी लागते. ती वाढवलेली बाजू आणि शेजारची बाजू यांच्यामधला तो बाह्यकोन. इथे तो १२०. आतला आणि बाहेरचा मिळून सरळकोन, १८०. उरलेले ३०० अंश हा प्रविशालकोन, म्हणजे १८० अंशांहून मोठा कोन, खराच, पण त्याला बाह्यकोन म्हणत नाहीत. पडताळा हवा असेल तर कुंपणाच्या कडेने चालत एक फेरी मारा. प्रत्येक कोपऱ्यावर जेवढं वळाल तेवढा तिथला बाह्यकोन, आणि परत मूळ जागी, मूळ दिशेला तोंड करून उभे राहिलात की बेरीज ३६०. तीनशेंचे तीन घेतले तर ९०० होतील, म्हणजे तीन कोपऱ्यांच्या कुंपणाभोवती अडीच गिरक्या.

लघुकोन, विशालकोन वगैरे पुस्तकात आहेत, ते इथे उगाळत नाही. फक्त एक: ‘यात लघुकोन आहे, म्हणून हा लघुकोन त्रिकोण’ असं म्हणू नका. प्रत्येक त्रिकोणात निदान दोन लघुकोन असतातच. लघुकोन त्रिकोणाला तिन्ही लघू लागतात. विशालकोन त्रिकोणाला मात्र एकच विशाल पुरतो, आणि दुसरा मावतही नाही.

आता काट. काही जण तो तराजूच्या काट्याशी जोडतात: पारडी समतोल झाली की काटा दांडीला नव्वद अंशांत उभा राहतो, म्हणून काटकोन. ऐकायला गोड आहे, पण समासात ‘काटा’चं मराठीत ‘काटे’ होतं. काटेकोर, काटेसावर. तसं असतं तर आपण काटेकोन म्हणालो असतो. माझ्या मते हा काट काटछेदातला, आडवं छेदून जाण्याचा. एक रेघ दुसरीला आडवी गेली की काट, आणि सरळ आडवी गेली की काटकोन. हिंदीवाले समकोण म्हणतात. आपल्या शब्दात निदान रेघ ओढणारा हात तरी दिसतो.

पण खरा मजेचा शब्द पुस्तकात नाहीच, तो गवंड्याकडे आहे: गुण्या. एकमेकींना काटकोनात जोडलेल्या दोन पट्ट्या, एवढंच ते हत्यार. फरशीवाला खोलीत शिरतो, कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण करतो, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये टेप धरतो. पाच फूट भरले तर ‘गुण्यात आहे’. एखादा इंच इकडेतिकडे झाला की मान हलवतो: ‘खोली गुण्यात नाही, शेवटची ओळ तिरकी कापावी लागणार.’ पायथागोरसचं नाव त्याने ऐकलेलं असो वा नसो, आणि यज्ञवेदी आखण्याच्या जुन्या शुल्बसूत्रांत बौधायनाने आयताच्या कर्णावर दोरी धरून हेच सांगितलं आहे हेही त्याच्या गावी नसतं.

हा गुण्या आला कुठून? संस्कृतात गुण म्हणजे दोरी, म्हणून गुण्या, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. दोरी ओळंब्याला असते हो, भिंत सरळ उभी आहे का ते बघायच्या वजनाला! (तो ओळंबा मात्र खरोखर संस्कृत ‘अवलंब’चा.) गुण्याला दोरीचा स्पर्शही नाही. हिंदीत हेच हत्यार गुनिया किंवा गोनिया, फारसीत गूनिया, तुर्कीत ग्योन्ये. आणि या सगळ्यांचं मूळ ग्रीक ‘गोनिआ’, अर्थ कोन. इंग्रजीत बहुभुजाला पॉलिगॉन म्हणतात, त्यातला गॉन हाच. शिकवणीत जो शब्द इंग्रजीतून घोकतात, तो शेजारच्या बांधकामावर कधीचा मराठी होऊन बसला आहे.

थांबा, मजा अजून पुढे आहे. ग्रीक गोनिआचं नातं ‘गोनू’ म्हणजे गुडघा या शब्दाशी लावतात. आणि गोनू हा संस्कृत ‘जानु’चा सख्खा भाऊ. म्हणजे फरशीवाल्याच्या हातातला गुण्या आणि आजानुबाहू रामचंद्राचा गुडघा एकाच घराण्यातले. वाकलेला पाय हाच माणसाने पाहिलेला पहिला कोन असणार. आपल्याकडेही बघा: कोपर संस्कृत ‘कूर्पर’वरून, आणि कोपरा हा त्या कोपराचाच असं माझं पक्कं मत आहे. बहुभुजातला भुज म्हणजे हात, पण त्याच्या मुळाशी ‘भुज्’, वाकणे. भुजंग तो वळणं घेत जातो म्हणून. ग्रीकांनी आकृतीचे गुडघे मोजले, आपण दंड मोजले, वाकणं दोन्हीकडे.

मग ‘कोन’ही ग्रीकच का? काही युरोपीय पंडितांनी तसं म्हटलं आहे. केंद्र, होरा, जामित्र हे ज्योतिषातले शब्द ग्रीकांकडून आले हे मला मान्य. पण त्या भरात कोनही त्याच गाठोड्यात बांधायचा हे पटत नाही. ‘ग’चा ‘क’ का व्हावा, याचं धड उत्तर कोणी देत नाही. तमिळमध्ये कोणल् म्हणजे वाकडेपणा, कन्नडमध्ये कोणे म्हणजे खोली; आपला कोनाडा त्यांच्या शेजारी किती सहज बसतो. उलट ‘ग्रीकांनीच आपला कोण पळवला’ असं फिरवणाऱ्यांना एवढंच विचारतो: मग त्यांनी गुडघाही पळवला का?

असो. प्रविशालकोन राहिलाच. त्रिकोणाच्या आत तो येऊच शकत नाही, तिन्हींची बेरीजच १८०. चौकोनात एक मावतो. घरात बघायचा असेल तर एल आकाराचा हॉल बघा: सहा कोपरे, पैकी पाच काटकोन आणि आत घुसलेला एक २७० अंशांचा. बेरीज ७२०, कुठल्याही षट्कोनाची असते तेवढीच. फेरी मारताना त्या घुसलेल्या कोपऱ्यावर तुम्ही उलट्या बाजूला ९० अंश वळता, म्हणून तिथला बाह्यकोन उणे ९० धरायचा. पाच नव्वद अधिक, एक नव्वद उणे, पुन्हा ३६०.

आणि हो, षट्भुज लिहू नका. भ मृदू व्यंजन, त्याच्यापुढे ट् चा ड् होतो: षड्भुज, जसा षड्रिपू. कोनातला क कठोर, म्हणून षट्कोनातला ट् मात्र जागेवर राहतो.