ऑनलाइन मालाचा व्यवहार: लघुउद्योजकांचे प्रश्न

प्रश्न: आमचे इचलकरंजीत पॅकिंग बॉक्सचे युनिट आहे. पोर्टलवरून आलेल्या कंपनीला माल दिला, तीन महिने पैसे नाहीत. लेखी करारही नाही. आता काय?

उत्तर: करार नाही म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. तुमचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु असेल आणि उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) माल देण्यापूर्वीची असेल, तर २००६ चा एमएसएमईडी कायदा, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, भक्कमपणे तुमच्या बाजूने आहे. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो स्वीकारला असेच कायदा मानतो. म्हणून माल पोहोचवल्याच्या चलनावर सही, शिक्का आणि तारीख घ्याच. किती कारखानदार शिक्का घेतात आणि तारीख विसरतात!

आधी त्या कंपनीला व्याजाच्या हिशेबासह नोटीस पाठवा. मुदतीत न चुकवलेली ही रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून वजा मिळत नाही, हेही त्यांच्या अकाउंटंटला कळवा. तरीही दाद लागली नाही, तर सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करा.

प्रश्न: मी स्टेशनरीचा व्यापारी आहे. उद्यम प्रमाणपत्रावर जेम पोर्टलवरच्या सरकारी खरेदीत राखीव वाटा मिळेल?

उत्तर: नाही. २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण लाभ अग्रक्रम क्षेत्रातील (बँकांनी ठरावीक वाटा द्यायचाच अशा क्षेत्रांतील) कर्जापुरताच. जेमवर विक्री मात्र जरूर करा.

प्रश्न: प्लास्टिक दाणा बाजारभावापेक्षा बराच स्वस्त मिळतोय. जीएसटी नंबर खरा आहे, पण निम्मी रक्कम ॲडव्हान्स मागतात.

उत्तर: नंबर खरा असला तरी तो तुमच्याशी बोलणाऱ्याचाच आहे कशावरून? जीएसटी पोर्टलवर फर्मचे कायदेशीर नाव आणि रिटर्न वेळेवर भरलेत का ते पाहा. बँक खाते त्याच नावाचे हवे; वैयक्तिक खाते दिले तर व्यवहार तिथेच थांबवा. पहिली ऑर्डर थोडीच द्या. विक्रेत्याने बिल रिटर्नमध्ये दाखवले नाही, तर ते तुमच्या २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या खरेदी-क्रेडिटच्या विवरणात) येत नाही आणि भरलेल्या १८ टक्के कराचे क्रेडिट अडकते. स्वस्ताई तिथेच संपली.

प्रश्न: उद्यम नोंदणीसाठी एजंट दोन हजार मागतो.

उत्तर: देऊ नका. सरकारी साइटवर नोंदणी मोफत आहे. पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो ना, तेवढे तपासा.