पाय तीनदा काढू नकोस

प्रिय,

चित्राचा फोटो पाहिला. नाचणारीचा पाय तू तीनदा काढलायस. त्यानं गती येत नाही, पायच तीन होतात.

चित्रकार सोनिया डेलोनेचं १९१३ चं ‘बाल ब्युलिए’ हे चित्र नीट बघ. पॅरिसमधल्या नाचघरात जोडपी टँगो नाचताहेत, वर विजेचे दिवे. उंची साधारण ९७ सेंमी, रुंदी ३९० सेंमी, तेलरंग, आणि कापड चक्क गादीच्या खोळीचं! एवढी लांबी एका नजरेत मावत नाही, नजर सरकवावीच लागते. जोडप्यांना ठळक बाह्यरेषा नाही. एका रंगाची कमान संपते तिथे दुसरीची सुरू होते.

या युक्तीचं मूळ फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरलकडे आहे. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत काळा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. रंगाई ठीक होती, शेजारचे निळे-जांभळे धागे काळ्याला मारत होते. शेजारच्या रंगानं रंग वेगळा दिसतो, हा नियम त्यानं १८३९ मध्ये पुस्तकात मांडला. सोनियाचा नाच याच शेजारावर चालतो.

आता हात चालव. २५ बाय १०० सेंमी कापड ताण. जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात, मधे पॉलिश पेपर. थेट तेलरंग लावलास तर कापड कुजतं. कोळशानं तीस-तीस सेकंदांची वीसेक रेखाटनं कर. फक्त कणा, खांदे, कंबर. बोटं नकोत. त्यातल्या चार कमानी निवडून एकीतून दुसरी निघेल अशा जोड.

लाल-हिरवा शेजारी ठेवताना दोन्हींचा उजळपणा सारखा हवा, तरच दोन रंगांमधली सीमा थरथरल्यासारखी दिसते. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढ. दोन्ही एकाच करड्यात विरले तर जमलं. पिवळ्या-जांभळ्याचं असं आपोआप होत नाही, पिवळा जात्याच उजळ. जांभळ्यात पांढरा भरपूर घालावा लागतो. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेला रंगचक्र शिकवतात, पण ही गोष्ट राहून जाते.

ओल्या लालला ओला हिरवा टेकवलास की चिखल होतो. पहिला हाताला चिकटेनासा होऊ दे, तेलरंगात चार-पाच दिवस सहज जातात. मधे काळी रेघ ओढून ‘स्वच्छ’ करायचा मोह होईल. ती रेघ थरथर मारते. आणि सगळीकडेच थरथर ठेवलीस तर डोळा शिणतो. निदान एक तृतीयांश भाग मातकट, करडा राहू दे.

पुढच्या वेळी रंगीत फोटोबरोबर कृष्णधवलही पाठव.