दिवेलागणीचं रडणं

बाळाला पाजून झालंय, ढेकर काढलाय, लंगोट कोरडा आहे, तरी दिवेलागणीला गळा काढून रडायला लागतं ते थांबतच नाही. माझं दूध पुरत नाही का? माहेरी आलेल्या पहिलटकरणी मला हे सतत विचारतात. त्यातल्या एकीची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गाव देवगड आणि मालवणच्या मधलं, किनाऱ्याला लागून. मुलगी पाच आठवड्यांची. घरात बाळंतिणीची आई, आजी आणि मावशी; नवरा चाकरमानी, मुंबईला. मी गेले तेव्हा मे महिन्याचा उकाडा, तरी खोलीची खिडकी बंद, बाळाच्या डोक्याला घट्ट टोपरं आणि कोपऱ्यात ओवा-लसणीच्या सालींची धुरी. आजींनी निकाल आधीच लावला होता : "दूद पुरना नाय, म्हणान रडता." रडणं सुरू झालं की बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरायचं. व्हिडिओ कॉलवर नवरा विचारायचा, "परत रडतेय? केलंस काय तिला?" आणि डब्याचं दूध चालू करा, असा निरोप सासरहून दोनदा आलेला.

मी आधी कार्ड मागितलं. जन्माचं वजन 2.8 किलो, आता 3.6. शू दिवसातून सात-आठ वेळा. डॉक्टरांनी तपासून बाळ ठणठणीत असल्याचं सांगितलेलं. दूध कमी पडणाऱ्या बाळाचं वजन असं वाढत नाही, आणि ते रडायला संध्याकाळची वाटही बघत नाही. मावशीला भिंतीवरच्या कॅलेंडरवर रडण्याच्या वेळा टिपायला सांगितल्या. पुढच्या भेटीत चौकटी भरलेल्या होत्या : बहुतेक सहा ते नऊ. दिवसा जेमतेम कुरकुर.

याला कॉलिक म्हणतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ वेसेल यांनी 1954 साली मांडलेला हिशोब आजही सांगितला जातो : बाळ एरवी धडधाकट, पण दिवसाला 3 तासांहून जास्त, आठवड्यातून 3 दिवसांहून जास्त आणि 3 आठवड्यांहून जास्त काळ रडतं. पुढे 1962 मध्ये तिथल्याच ब्रेझल्टन या बालरोगतज्ज्ञांनी आयांकडून रडण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या. रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त आणि तेही संध्याकाळी, असं त्यांत दिसलं. म्हणजे तिन्हीसांजेला बाळाला काहीतरी होतं, हे आजींचं निरीक्षण वेळेपुरतं अगदी बरोबर. कारण मात्र नक्की सापडलेलं नाही. पोट टम्म होतं, पाय पोटाशी येतात. त्यातली बरीच हवा रडतानाच गिळलेली असते. डब्याचं दूध पिणाऱ्या बाळांनाही हे होतं, त्यामुळे डबा आणून सुटका नाही.

मग गुटीचा विषय निघालाच. सहाणेवर वेखंड, जायफळ, मुरुडशेंग. पिळवटलेली शेंग पोटातला पीळ काढते, असा जुना विश्वास. "आमी काय पोरां वाढवूक नाय?" आजींनी विचारलं. वाढवली की! पण पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पोटात काही नको. जायफळाची गुंगी येते, आणि सहाण-पाण्यातून जंतू जातात ते वेगळेच. मधाचं बोट वर्षापर्यंत नाही. ग्राइप वॉटरही नको. इंग्लंडात 1851 साली ते निघालं तेव्हा त्यात अल्कोहोल असायचं. पोरं गप्प व्हायची यात नवल ते काय! आता नसतं, पण खास उपयोगही नसतो. धुरी बंद, खिडकी उघडी, टोपरं खाली. मीठ-मोहरीला मात्र मी हात लावला नाही. ती ओवाळून बाहेरच्या चुलीत टाका एवढंच म्हटलं. आजींना घरात मान हवाच, आणि दृष्ट काढण्याने बाळाचं काही बिघडत नाही.

खरा फरक पडला तो पाळ्या लावल्याने. सहाला दिवा मंद, टीव्ही बंद, बाळ एका वेळी एकाच्याच हातात. पहिला तास आजी : पडवीतल्या झोपाळ्यावर बसून, बाळ खांद्याशी, झोका अगदी हळू. नंतर मावशी. तिला मी पालथं धरायला शिकवलं : बाळ हातावर पोटावर, डोकं कोपराच्या वळणाशी, तोंड बाहेरच्या बाजूला, आपला पंजा मांड्यांमध्ये, दुसरा हात पाठीवर, आणि संथ येरझारा. कानाशी लांब "शूऽऽ". कधी पाच मिनिटांत गप्प, कधी काहीच नाही. काहीच नाही तेही चालतं, हे सांगावं लागतं. आणि त्या तासात बाळंतीण मागीलदारी जाऊन बसायची. नवऱ्यानेही फोन रात्री साडेनऊनंतर करायचा, आणि पहिला प्रश्न "तू जेवलीस का?"

आई आणि आजी बाहेर गेल्यावर बाळंतीण म्हणाली, "मॅडम, काल मी तिला गादीवर जरा आपटूनच ठेवली. मला माझीच भीती वाटली." हे बहुतेकजणी बोलत नाहीत. मी तिला सांगितलं, असा राग येतो, त्याने आई वाईट ठरत नाही. पण त्या क्षणी बाळ हातात नको. रागाच्या भरात हलवलं, हिसडलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. सपाट अंथरुणावर उताणं ठेव, दार ओढून घे, पाच-दहा मिनिटं बाहेर थांब. तेवढ्या रडण्याने काही होत नाही. बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, नको ते विचार येत असतील, तर बाळाचं नाही, तुझं डॉक्टरकडे जाणं आधी.

बाळाचीही काही लक्षणं अशी आहेत की पाळी-बिळी सोडून लगेच दवाखाना गाठायचा : 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शीतून रक्त, पोट कडक फुगलेलं, जांघेत न बसणारी गाठ, दूध ओढायचं सोडणं, शू कमी होणं, मलूल पडणं. अचानक वेगळ्याच सुरात रडू लागलं तर बोटं बघा, केस गुंडाळला गेलेला असतो कधीकधी.

चौथा महिना लागेपर्यंत रडणं आखडत अर्ध्या तासावर आलं. आजी श्रेय देतात देवीला घातलेल्या गाऱ्हाण्याला, मावशी स्वतःच्या हाताला. मी त्या वादात पडत नाही.