पेशींना टॅमॉक्सिफेन देऊन का भागत नाही?

मार्गदर्शकांनी ४-हायड्रॉक्सीटॅमॉक्सिफेन मागवायला सांगितले आहे, पण ते महाग पडते. क्री-ईआर-टी२ असलेल्या फायब्रोब्लास्ट पेशींना साधे टॅमॉक्सिफेन दिले तर चालणार नाही का, असा आपला प्रश्न आहे. (टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध; क्री-ईआर-टी२ म्हणजे डीएनए कापून जोडणारे क्री हे विकर आणि इस्ट्रोजेनच्या ग्राहीचा बदललेला तुकडा यांचे जोडप्रथिन. औषध त्या तुकड्याला चिकटले, की क्री कामाला लागते.) मी नाशिकला सातपूर भागातील एका प्रयोगशाळेत औषधांच्या शुद्धतेची तपासणी करतो. माझ्या मते येथे काटकसर करू नये.

टॅमॉक्सिफेन स्वतः इस्ट्रोजेनच्या ग्राहीला (रिसेप्टरला) बेताचेच चिकटते. यकृतातील विकरे, प्रामुख्याने सीवायपी२डी६, त्याच्या रेणूवर एक हायड्रॉक्सिल गट बसवतात आणि त्यातून तयार होणारा चयापचयज (मेटाबोलाइट), म्हणजेच ४-हायड्रॉक्सीटॅमॉक्सिफेन, ग्राहीला मूळ औषधाच्या तीस ते शंभर पट घट्ट धरतो. (रुग्णाच्या रक्तात मात्र एंडॉक्सिफेन हा दुसरा चयापचयज याहून पुष्कळ जास्त प्रमाणात सापडतो, त्यामुळे उपचारात त्याचेच महत्त्व अधिक मानतात.) उंदरामध्ये हे रूपांतर त्याचे यकृत करते, बशीतल्या फायब्रोब्लास्टकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही.

४-हायड्रॉक्सीटॅमॉक्सिफेनची मागणी नोंदवताना किमतीआधी समघटक (अणू तेच, पण मांडणी वेगळी असलेले रूप) पाहावा. या रेणूचे झेड आणि ई असे दोन समघटक असून ग्राहीवर खरा प्रभावी आहे तो झेड. स्वस्त बाटलीत बहुधा दोघांचे मिश्रण असते. शुद्ध झेड घेतला तरी द्रावणावर उजेड पडत राहिला, की त्यातील काही भाग ई होतो, आणि एचपीएलसीच्या (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या तंत्राच्या) आलेखावर मुख्य शिखराला लागून दुसरे लहान शिखर दिसू लागते. म्हणून तपकिरी कुपीत, थोडे थोडे वाटून, उणे २० अंशांवर ठेवावे.

रेणूभार ३८७.५ असल्याने ५ मिलिग्रॅम पदार्थ १.२९ मिलिलिटर निर्जल इथेनॉलमध्ये विरघळवला, की १० मिलिमोलर द्रावण मिळते. पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही. पेशींसाठी १ मायक्रोमोलर किंवा त्याहून कमी पुरते, म्हणजे दहा हजार पट विरलन, आणि तेवढ्यात इथेनॉल नगण्य उरते. तरीही केवळ इथेनॉल दिलेल्या पेशी आणि क्री नसलेल्या पण हेच रसायन दिलेल्या पेशी, अशी दोन्ही नियंत्रणे ठेवावीत, कारण जास्त मात्रेत ते ग्राहीशी संबंध नसतानाही पेशींची वाढ रोखते. हातमोजे घालायला विसरू नये. हे संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणारे द्रव्य आहे.

पुढे उंदरांवर काम करणार असाल, तर तेथे मक्याच्या तेलात विरघळवलेले साधे टॅमॉक्सिफेन खुशाल वापरावे; पैसे तेथे वाचतील.